शितावरून भाताची परीक्षा : पदार्थनामांची साक्ष आणि तिच्या मर्यादा

पदव्युत्तर वर्गातील निबंध तपासताना एक विधान वारंवार आढळते. ते असे की, दक्षिणेतील ‘सांबार’ हा पदार्थ छत्रपती संभाजी महाराजांच्या नावावरून प्रचारात आला, आणि म्हणून तो मूळचा महाराष्ट्राचा होय. विधान करणाऱ्याच्या मनात शंकेचा लेशही नसतो. जणू काही नाव उच्चारताच इतिहास आपोआप सिद्ध झाला. असेच दुसरे विधान ‘पुलाव’ या शब्दासंबंधी, तिसरे ‘इडली’संबंधी, चौथे ‘पाव’संबंधी केले जाते. या सर्वांच्या मुळाशी एकच गृहीतकृत्य आहे : पदार्थाचे नाव ज्या भाषेतील, पदार्थही त्याच भूमीतील.

हे गृहीतकृत्य कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय जिभेच्या आवडीचा असल्यामुळे तो हलकाफुलका वाटण्याचा संभव आहे. तथापि शब्दांच्या देवघेवीचा अभ्यास करणाऱ्यास पदार्थनामांइतके सोयीचे आणि त्याच वेळी इतके फसवे साधन दुसरे नाही. धर्म, राज्यकारभार वा विद्या यांतील शब्द बहुधा ग्रंथांच्या आणि दरबारांच्या द्वारे पसरतात. पदार्थांची नावे खलाशी, आचारी, फेरीवाले आणि सासुरवाशिणी यांच्या मुखातून पसरतात. त्यामुळे ती दूरवर जातात, पण त्यांची नोंद मागाहून आणि तुटक मिळते. नोंदींमधील रिकाम्या जागा भरून काढण्याचा मोह येथे फार होतो, आणि त्या मोहातूनच वर उल्लेखिलेली विधाने जन्मास येतात.

(१) तीन इतिहास

कोणत्याही पदार्थाचे तीन इतिहास असतात : नावाचा, साहित्याचा आणि कृतीचा. हे तिन्ही एकत्र प्रवास करतीलच असे नाही. आज सर्वत्र मिळणारा बटाट्याच्या सारणाचा समोसा घेतला तर ही गोष्ट चटकन ध्यानात येईल. त्याचे नाव फारसीतून आले; त्यातील बटाटा दक्षिण अमेरिकेतून आला; आणि पारीच्या आत सारण भरून तळण्याची कृती तर इतक्या प्रदेशांत आढळते की, तिचे एकच जन्मस्थान सांगण्याचे धाडस कोणी करू नये. ‘समोसा कोठला?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर संभवत नाही. प्रश्न तीन आहेत, आणि त्यांपैकी भाषाशास्त्र अधिकाराने उत्तर देऊ शकते ते केवळ पहिल्याचे.

या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा चांगला नमुनाही समोसाच होय, कारण त्याच्या नावाची साखळी बऱ्याच अंशी लेखी पुराव्याने जोडता येते. बगदाद येथे १२२६ मध्ये रचल्या गेलेल्या अरबी पाकग्रंथात ‘सनबूसज’ आहे. चौदाव्या शतकात दिल्लीस महंमद तुघलकाच्या दरबारी राहिलेला इब्न बतूता तेथील भोजनाचे वर्णन करताना मांस, बदाम, अक्रोड, पिस्ते व कांदा भरलेल्या या पदार्थाचा उल्लेख करतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने ‘आईने अकबरी’त ‘कुताब’ नावाच्या पदार्थाची नोंद करून हिंदचे लोक त्यास सनबूसा म्हणतात, असे लिहिले आहे. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत ‘सांबुसा’ आणि पोर्तुगीज भाषेत ‘शामूसा’ ही त्याच कुळातील रूपे होत. पोर्तुगीज शब्द भारतातून परत युरोपात गेला आणि आज लिस्बनमध्ये तो नित्याचा आहे. याउलट बंगालने जवळजवळ तोच पदार्थ स्वीकारूनही त्यास ‘शिंगाडा’ हे आपले नाव दिले. त्रिकोणी आकाराच्या पाणफळाशी असलेले साम्य तेथे नामकरणास पुरेसे झाले. म्हणजे नाव न घेता पदार्थ घेता येतो, हेही या एकाच उदाहरणातून दिसते.

(२) नाव टिकते, पदार्थ बदलतो

याच्या उलट प्रकार अधिक महत्त्वाचा आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ. स. ११२९-३१ च्या सुमाराचा. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात ‘इडरिका’ आहे, आणि तीवरून इडलीचे प्राचीनत्व सांगण्यात येते. त्याहून जुना, इ. स. ९२० च्या सुमाराचा कानडी ग्रंथ ‘वड्डाराधने’ यात ‘इड्डलिगे’ हा शब्द आहे. शब्दांचा परस्परसंबंध उघड आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु सोमेश्वराची इडरिका उडदाच्या पिठाची असून तीत हिंग, जिरे, मिरे आहेत, तांदूळ नाही. आजच्या इडलीचा प्राण म्हणजे तांदूळ व उडीद यांचे आंबवलेले मिश्रण. तेव्हा ‘इडली हजार वर्षांची आहे’ हे विधान शब्दाविषयी खरे आहे. आपल्या ताटातील वस्तूविषयी ते तसेच खरे आहे असे म्हणता येत नाही.

चीनमधील ‘मान्तोउ’ या शब्दाची गोष्ट अशीच आहे. उत्तर चीनमध्ये आज हा शब्द सारण नसलेल्या, वाफवलेल्या गव्हाच्या गोळ्यास लावतात. पूर्वी तो सारण भरलेल्या पदार्थासही लावीत, आणि शांघायच्या आसपास आजही लावतात. कोरियात ‘मांदू’ म्हणजे मांस वा भाजी भरलेली करंजीवजा वस्तू, जपानात ‘मांजू’ म्हणजे बहुधा गोड सारणाची मिठाई, तुर्कस्तानात ‘मान्ती’ म्हणजे दह्याबरोबर खाण्याचे मांस भरलेले इवलेसे कानवले. नावे एका कुळातील आहेत हे सामान्यतः मान्य आहे. शब्द कोणत्या दिशेने गेला याविषयी मतभेद आहेत. परंतु या चौघांना एका ताटात ठेवले तर त्यांना एकाच वस्तूची चार रूपे म्हणणे कठीण जाईल.

तिसरे उदाहरण पूर्व युरोपातील ‘बोर्श्च’ या सुप्रसिद्ध रश्शाचे. आज हा शब्द उच्चारताच बीटच्या कंदाचा लालभडक रंग डोळ्यांपुढे येतो. मूळ स्लाव शब्द मात्र बीटचा नव्हे, एका रानवनस्पतीचा वाचक आहे; तिची पाने व देठ आंबवून आंबट कढण करीत. पुढे वनस्पती गेली, बीट आले, आणि नाव राहिले. या पदार्थाच्या मालकीवरून युक्रेन व रशिया यांच्यात वाद माजला, आणि युद्ध चालू असतानाच १ जुलै २०२२ रोजी युनेस्कोने युक्रेनमधील बोर्श्च शिजवण्याची परंपरा तातडीच्या संरक्षणाची गरज असलेल्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केली. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावयास हवी. युनेस्कोने नोंद केली ती एका समाजाच्या जिवंत परंपरेची. शब्दाच्या व्युत्पत्तीचा निवाडा तिने केला नाही. हा भेद वृत्तपत्रांतील वादविवादांत बहुधा पुसला जातो. अभ्यासकाने तो पुसू देता कामा नये; कारण एका वाटीभर रश्शाच्या नावावरून लोक भूमीच्या हक्काचे अनुमान काढू लागतात, तेव्हा व्युत्पत्तिशास्त्र हा केवळ विद्वानांचा विरंगुळा राहत नाही.

(३) साम्य आणि संबंध

ध्वनिसाम्य दिसताच शब्दांचा संबंध मानण्याची प्रवृत्ती हा दुसरा दोष. स्पेनमधील वालेन्सिया प्रांताचा ‘पाएया’ हा भाताचा पदार्थ जगप्रसिद्ध आहे. मुसलमानी राजवटीच्या काळात स्पेनमध्ये भातशेती रुजली, हे इतिहासाने ठाऊक असल्यामुळे ‘पाएया’ आणि ‘पिलाफ’ किंवा आपला ‘पुलाव’ हे एकाच शब्दाचे अपभ्रंश असावेत, असा तर्क सहज सुचतो. पदार्थ सारखा, ध्वनी जवळचे, इतिहास अनुकूल. आणखी काय हवे?

आणि तरीही तर्क चुकीचा आहे. ‘पाएया’ हे मुळात भांड्याचे नाव आहे. लॅटिनमधील ‘पातेल्ला’, म्हणजे लहान पसरट थाळी, या शब्दापासून ते आले. वालेन्सियात आजही तो शब्द कढईवजा पसरट भांड्यास लावतात. भांड्याचे नाव पदार्थास मिळाले, इतकेच.

येथे मराठी वाचकास दुसरा मोह होईल : ‘पातेल्ला’ म्हणजे आपले ‘पातेले’ तर नव्हे? आवाज हुबेहूब, अर्थ तोच. परंतु ‘पातेले’ हा शब्द ‘पात्र’ या शब्दाच्या कुळातील मानतात, आणि ‘पात्र’ हा ‘पा’, म्हणजे पिणे, या धातूपासून साधलेला आहे. लॅटिन शब्दाचा संबंध ‘उघडे असणे, पसरलेले असणे’ या अर्थाच्या शब्दांशी जोडतात. भाषा एकाच महाकुळातील असल्या, तरी हे दोन शब्द एकमेकांचे आप्त ठरत नाहीत. एका परिच्छेदात दोनदा फसवणारे हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे.

(४) लोकव्युत्पत्ती आणि तिचे सामर्थ्य

अपरिचित शब्द कानी पडला की, बोलणारा समाज त्यात ओळखीचे अवयव शोधतो. यासच लोकव्युत्पत्ती म्हणतात. तिला केवळ अज्ञान समजून बाजूस सारणे योग्य नव्हे, कारण ती कधीकधी वस्तूच बदलून टाकते. जर्मनीतील हॅम्बुर्ग या नगराच्या नावावरून आलेला ‘हॅम्बर्गर’ हा शब्द वस्तुतः ‘हॅम्बुर्ग’ अधिक ‘-अर’ असा आहे. इंग्रजी भाषकांनी तो ‘हॅम’ अधिक ‘बर्गर’ असा तोडला. ‘हॅम’ म्हणजे डुकराचे मांस, आणि ते तर या पदार्थात नसते! तथापि या चुकीच्या पदच्छेदातून ‘बर्गर’ हा स्वतंत्र शब्द विसाव्या शतकात निर्माण झाला, आणि त्यास वाटेल ते पूर्वपद जोडता येऊ लागले. आज तो आपल्याकडील उपाहारगृहांच्या पाट्यांवरही आहे. चूक नियमाच्या पदवीस पोहोचली.

याहून बोलके उदाहरण गोव्यातील ‘विंदालू’ हे होय. पोर्तुगीजांच्या ‘कार्ने द विन्या द आल्युश’ या पदार्थापासून हे नाव आले. ‘विन्या द आल्युश’ म्हणजे द्राक्षासव आणि लसूण यांचे मुरवण. गोव्यात द्राक्षासवाची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्याने घेतली, मिरच्या व मसाले आले, आणि नाव आखूड झाले. या पदार्थात मुळात बटाटा नाही. परंतु ब्रिटनमधील भारतीय पद्धतीच्या उपाहारगृहांत विंदालूमध्ये बटाटा घालण्याची चाल पडली. शब्दाच्या अखेरीस ‘आलू’ ऐकू आल्यामुळे ती पडली, असे मानतात.

भाषाशास्त्रज्ञाने येथे एक अधिक प्रश्न विचारावा : ही चूक कोठे होऊ शकते आणि कोठे नाही? कोकणीत आणि मराठीत या कंदास अनुक्रमे ‘बटाटो’ व ‘बटाटा’ म्हणतात. हाही शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेला, आणि त्यांना तो कॅरिबियन बेटांवरील भाषेतून, रताळ्याचा वाचक म्हणून मिळालेला. मराठीत ‘आलू’च्या कुळातील शब्द आहे तो ‘अळू’, आणि तो निराळ्याच भाजीचा वाचक आहे. तेव्हा विंदालूचा बटाट्याशी संबंध गोव्यात वा मुंबईत सुचण्याचे कारण नव्हते. तो हिंदी वा बंगाली बोलणाऱ्यांच्या कानासच सुचावा. लोकव्युत्पत्ती शब्दाचे मूळ सांगत नाही हे खरे. परंतु शब्द कोणत्या भाषकांच्या हातून गेला, हे ती नकळत सांगून जाते. खोट्या साक्षीदाराकडूनही कधी खरी माहिती मिळते, ती अशी.

हाच निकष ‘पाव’ या शब्दास लावून पाहू. तो पायांनी तुडवलेल्या कणकेवरून आला, असे पुष्कळ लोक सांगतात. लादीचा चौथा हिस्सा म्हणून ‘पाव’, असे दुसरे सांगतात. प्रस्तुत लेखकाने अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत यांतील पहिली उपपत्ती वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली होती. “मराठीत तर ‘पाय’ म्हणतात, ‘पाँव’ हिंदीत. मग मराठीत ‘पाव’ कसा?” असा प्रश्न एका विद्यार्थ्याने केला, आणि त्यास त्या दिवशी उत्तर देता आले नाही. प्रस्तुत विषयाकडे लक्ष वळले ते त्या प्रश्नामुळे. ‘पाव’ हा पोर्तुगीज ‘पांउं’, म्हणजे रोटी, या शब्दापासून आला. गोवा १५१० पासून आणि वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. काजू, अननस, चावी, पगार हे शब्द ज्या वाटेने मराठीत आले, त्याच वाटेने हाही आला. निर्णायक पुरावा मात्र मराठीबाहेरचा आहे. जपानी भाषेत अशा रोटीस ‘पान’ म्हणतात, आणि तो शब्द सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबरच तेथे गेला. पोर्तुगीज शब्दाच्या अखेरीस अनुनासिक आणि वकारसदृश स्वर दोन्ही आहेत. जपानीने अनुनासिक ठेवले, मराठीने वकार. पाय तुडवण्याची वा चौथाईची कथा जपानी शब्दाचा उलगडा करू शकत नाही. जी उपपत्ती सर्व भाषांतील रूपांचा उलगडा करते, तीच ग्राह्य.

(५) सांबार

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. प्रचलित कथा अशी : तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात संभाजी महाराजांच्या भेटीप्रसंगी आमटीसाठी आमसूल नव्हते, म्हणून चिंच घातली, आणि त्या आमटीस ‘संभाजी-आहार’, पुढे ‘सांबार’ असे नाव पडले. कालदृष्ट्या हे अशक्य नाही. संभाजी महाराजांची कारकीर्द १६८१ ते १६८९, शहाजीराजांची १६८४ ते १७१२. परंतु अशक्य नसणे म्हणजे घडलेले असणे नव्हे. या प्रसंगास समकालीन लेखी आधार दाखवला जात नाही. शिवाय ध्वनींची अडचण आहे : ‘संभाजी-आहार’ यातील ‘जी’ हे अक्षर मागमूस न ठेवता कसे लोपले, यास समांतर असे दुसरे उदाहरण कथा सांगणारे देत नाहीत.

आणि मुख्य म्हणजे, या कथेची गरजच नाही. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे जमवलेले साहित्य, सामग्री. गुजरातीत ‘संभार’ म्हणजे लोणच्यात वा भाजीत भरण्याचा मसाला. कानडीत ‘सांबार पदार्थ’ म्हणजे मसाल्याचे जिन्नस. आणि आपल्या विदर्भात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर. तेथील सांबारवडी प्रसिद्धच आहे. ‘साहित्य’ या सामान्य अर्थापासून ‘मसाल्याचे साहित्य’ हा विशेष अर्थ, आणि त्यापासून एकीकडे मसाल्यातील एक पाला, दुसरीकडे मसाला घातलेला रस्सा, असा अर्थविकास सरळ आहे. तमिळमध्ये महाप्राण ‘भ’ नसल्यामुळे तेथे ‘सांबार’ असेच रूप अपेक्षित. चार भाषांतील रूपांचा उलगडा यातून होतो. कथेतून एकाच भाषेतील रूपाचा होतो, तोही ओढाताणीने.

याचा अर्थ तंजावरच्या मराठ्यांचा या पदार्थाशी संबंध नाही, असा मुळीच नव्हे. १६७० नंतरच्या दशकापासून १८५५ पर्यंत तेथे मराठी राजघराणे नांदले. मराठी व तमिळ स्वयंपाकघरांत देवघेव झाली नसती तरच नवल. या नावाच्या प्रसारात मराठीचा हात असणे शक्य आहे. परंतु ते पाककृतींच्या जुन्या लेखांतून आणि दप्तरांतून सिद्ध करावे लागेल. थोर पुरुषाचे नाव जोडल्याने ते काम वाचते असे वाटते, प्रत्यक्षात ते कायमचे अडते. कारण उत्तर मिळाले असे समजून पुढे कोणी शोधच घेत नाही.

असा शोध कसा घ्यावा, याचा आदर्श आपल्या घरीच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात जिलबीच्या इतिहासावर लिहिताना हस्तलिखितांतील एकेक उल्लेख कालानुक्रमाने लावून दाखवला. पंधराव्या शतकातील जैन ग्रंथ ‘प्रियंकरनृपकथा’ यातील उल्लेख या चर्चेत महत्त्वाचा आहे. अरबीत ‘जलाबिया’ हा शब्द त्याआधी कित्येक शतके रूढ होता, हे दहाव्या शतकातील बगदादच्या पाकग्रंथावरून कळते. तेव्हा नाव परकीय, आणि पदार्थ भारतात निदान साडेपाचशे वर्षे मुरलेला, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरतात. त्यांत विरोध पाहण्याचे कारण नाही, आणि कोणाच्या अभिमानास धक्का लागण्याचेही नाही.

(६) उपसंहार

येणेप्रमाणे विद्यार्थ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नाव, साहित्य आणि कृती यांचे पुरावे वेगवेगळे मांडावेत. शब्दाचे सर्वांत जुने रूप आणि त्या वेळचा त्याचा अर्थ, ही दोन्ही पाहिल्यावाचून निष्कर्ष काढू नये. ध्वनिसाम्यास नियमित ध्वनिपरिवर्तनाचा आधार मागावा, आणि शेजारच्या भाषांतील रूपे तपासावीत. आणि लोकव्युत्पत्ती खोडून काढल्यावर ती टाकून न देता, ती कोणत्या भाषकांची आहे, हे विचारावे.

‘पुलाव’ या शब्दाचा निर्णय मुद्दाम अखेरीस ठेवला आहे. फारसी ‘पुलाव’ हा संस्कृत ‘पुलाक’ या शब्दाशी संबद्ध असावा, असे काही कोशकार सुचवतात. ‘पुलाक’ म्हणजे भाताचे शीत. संबंध खरा मानला, तरी तुपात तांदूळ परतून मांसरसात शिजवण्याची रीत त्या शब्दात कोठेही सूचित नाही; शब्द येथला ठरला म्हणून रीत येथली ठरत नाही. याच शब्दापासून आपल्या शास्त्रकारांनी ‘स्थालीपुलाकन्याय’ बनवला : भांड्यातील एक शीत चेपून पाहिले की सगळा भात शिजला की नाही, ते कळते. स्वयंपाकघरात हा न्याय निरपवाद आहे, कारण एका भांड्यातील सर्व शिते एकाच वेळी एकाच आचेवर शिजतात. शब्दांचे तसे नाही. एकाच पदार्थाचे नाव, जिन्नस आणि कृती ही निरनिराळ्या चुलींवर, निरनिराळ्या शतकांत शिजलेली असतात. तेथे एका शितावरून भाताची परीक्षा करू नये.